एकच झेंडा

हरीशने पांढऱ्या कोटाचं शेवटचं बटण लावलं आणि ते लगेच तुटून गवतात पडलं. त्याने ते शोधलं नाही. असल्या खेळाच्या कोटाचं बटण शोधायला त्याचं काय अडलं होतं!

"शोभतोय हं," दोरीपलीकडे घडीच्या खुर्चीत बसलेली त्याची बायको मंजिरी म्हणाली. "जरा हसून उभा राहा. लेकीची फायनल आहे."

"फायनल कसली? धिंगाणा आहे नुसता."

हाउन्सलोच्या या पार्कात पलीकडच्या मैदानावर क्रिकेट चालू होतं. एरवी शनिवारी हरीश तिथे अंपायर म्हणून उभा असायचा. आज तो तनिषाचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल बघायला आला होता, आणि तेही एका अटीवर. तिची टीम हरली तर उद्या तिने काउंटीच्या क्रिकेट ट्रायलला यायचं. जिंकली तर त्याने घरात पुन्हा क्रिकेटचं नाव काढायचं नाही. लहानपणापासून नेटमध्ये घाम गाळून त्याने पोरीचा आउटस्विंगर घडवला होता. युनिव्हर्सिटीत गेली काय, कुणा मैत्रिणीच्या नादाने हे खूळ डोक्यात घेऊन आली काय!

गोल झाला की नाही ते ठरवायला पांढरा कोट घालून खांबांमागे उभी राहणारी बाई आज आलीच नव्हती. प्रत्येक टीमने आपला एक माणूस द्यायचा असतो. कोच शोधाशोध करत होती, तेव्हा तनिषाच पुढे झाली.

"माझे बाबा अंपायर आहेत," ती म्हणाली. "ते कधी खोटा निर्णय देत नाहीत."

नियम त्याला उभ्याउभ्याच सांगितले गेले. खांब चार. मधल्या दोन उंच खांबांतून बॉल लाथेने थेट गेला तर सहा पॉइंट, दोन झेंडे हलवायचे. बाजूच्या बुटक्या खांबांतून गेला, किंवा वाटेत कुणाचा हात लागला, तर एक पॉइंट, एक झेंडा. हरीशला हसूच आलं. नेम चुकला तरी एक पॉइंट! आणि बॉल तरी कसला, दोन्हीकडून दाबलेल्या पपईसारखा. टप्पा पडला की कुठे जाईल ते देवालाही ठाऊक नाही. हातात घेऊन पळायचं, मुठीने ठोसा मारून पास द्यायचा, आणि नाव म्हणे फुटबॉल. क्रिकेटमध्ये माणूस विचार करतो. साध्या फुटबॉलला निदान ऑफसाइड तरी आहे. इथे नुसती झोंबाझोंबी.

पहिला अर्धा वेळ तो ठरवून मख्ख उभा राहिला.

मग कधीतरी बॉल उंच गेला आणि खाली चारजणी जमल्या. त्यांच्यातून तनिषा वर उठली. एकीच्या पाठीवर तिचा गुडघा टेकला, दोन्ही हात डोक्यावर गेले आणि बॉल हातात अडकला. पलीकडच्या मैदानावर असा कॅच हरीशने आजवर पाहिला नव्हता.

"आई गं!" तो मोठ्याने म्हणाला आणि लगेच घसा खाकरला.

मंजिरी खुर्चीतून बघत होती. तिचं हसू त्याला पाठीत टोचलं.

शेवटच्या मिनिटाला तनिषाची टीम दोन पॉइंटांनी मागे होती. बॉल तिच्याकडे आला. एकीला हुलकावणी देऊन तिने धावताधावताच लाथ मारली. पायावरून सुटला तेव्हाच दिसलं, सरळ येतोय. हरीशने दोन्ही झेंडे उचलले. कधी उचलले ते त्यालाच कळलं नाही.

तेवढ्यात रेघेवरून समोरच्या टीमची एक उंच मुलगी उडाली. बॉल तिच्या बोटांना चाटून मागे गेला. चाटूनच. बॉल फिरत होता तो जरासा अडखळला, एवढंच. पण हरीशची नजर तेवढ्यावरच आयुष्यभर तयार झाली होती.

मैदानातला अंपायर त्याच्याकडे बघत होता. तनिषा बघत होती. उडी मारलेली मुलगी गुडघ्यांवर बसून गवताकडे बघत होती.

हरीशने एक झेंडा खाली ठेवला आणि दुसरा हलवला.

एका पॉइंटाने मॅच हरून तिघं गाडीतून घरी निघाले. मंजिरी चालवत होती. हरीशचा कोट काढायचा राहूनच गेला होता.

"खरंच टच झाला होता?" मंजिरीने हळूच विचारलं.

"झाला होता."

"दोन्ही उचलले होते तुम्ही," मागून तनिषा म्हणाली. गुडघ्यावरचं रक्त तिने पुसलंही नव्हतं. "मी बघितलं. दोन उचलले, मग एक खाली ठेवला. तेव्हा ट्रायल आठवली?"

"तनू, तोंड सांभाळ," मंजिरी म्हणाली.

"मला तो गोल हवा होता, म्हणून उचलले," हरीश म्हणाला.

"तुम्हाला?" ती हसली, पण फार वाईट हसली. "बाबा, प्लीज. हेट करता तुम्ही हा गेम."

त्याला ती मघाची झेप सांगावीशी वाटली. मग सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याने मनाशी ठरवलं.

"उद्याची ट्रायल राहू दे," तो म्हणाला. "नको जायला. तू तुझा हाच खेळ खेळ."

मंजिरीने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"म्हणजे टच नव्हताच झाला," तनिषा म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "गिल्टी वाटतंय ना, म्हणून सोडताय मला."

हरीश मागे वळला. लेकीने खिडकीकडे तोंड फिरवलं होतं. सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाडीने हॉर्न दिला, तरी मंजिरीचा पाय ब्रेकवरच होता.

तो परत सरळ बसला. कोटाची उरलेली बटणं एकेक करून काढायला लागला.

"टच झाला होता," तो म्हणाला. "मग अट ती अट. उद्या सकाळी वेळेवर तयार राहा. तुझी किटबॅग मी गाडीत ठेवतो."