डोंगर चढून आलेली वाडी

धरणाचे दरवाजे उघडले, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून खालची करंजवाडी डोंगर चढू लागली. आधी ती घाटाच्या वळणाशी दिसली, मग पाण्याच्या टाकीशी. शनिवारी सकाळी पुंजाराम धिवरे तोंड धुवायला अंगणात आला, तेव्हा वाडीतलं पहिलं घर त्याच्या कुंपणाला टेकून उभं होतं. भिंतींतून पाणी ठिबकत होतं.

पुंजाराम धरणाचे दरवाजे चालवायचा. त्या दुपारी पाणी सोडलं नसतं तर धरण फुटून शहर गेलं असतं, हे खरंच होतं. पण सोडण्याआधी भोंगा वाजवायचा असतो. साहेब फोनवर म्हणाले होते, "भोंगा नको. वाडी रिकामी केली नाही ते बाहेर कळेल. मुकाट्यानं पाणी सोड, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस." पुंजारामनं भोंग्यावरचा हात काढून घेतला होता.

ओल्या घरातून भागाआजी बाहेर आली आणि पदर पिळत त्याच्या पायरीवर बसली.

"शहर वाचलं का रं?"

"वाचलं, आजी."

"बरं झालं."

"साहेबांचा हुकूम होता."

"आसंल की. हात कुणाचा व्हता?"

पुंजारामनं हात पाठीमागे घेतले. त्याची बायको सिंधू दारात आली, आजीमागून अंगणात आलेली माणसं बघून आत गेली आणि जास्तीचं पीठ मळायला बसली.

दुपारपर्यंत वाडीतली सगळी घरं भोवती येऊन दाटली. त्यांच्या भारानं अंगण खचत गेलं. खिडकीतून नेहमी खाली दिसणारी धरणाची भिंत आता छपराच्या वर उभी होती. पुंजारामनं साहेबांना फोन लावला.

"साहेब, मी करंजवाडीत आहे. इथं माणसं आहेत."

"वाडीत कोणी नव्हतं," साहेब म्हणाले. "तसा रिपोर्ट गेलाय." फोन बंद झाला.

पुंजारामनं भागाआजीला पाठीवर घेतलं आणि तो चढणीला लागला. मागून कोणीतरी त्याचा सदरा धरला, त्याच्या मागच्यानं त्याचा. त्या रांगेत पिठाच्या हातांनी सिंधूही होती. तो जेवढं चढे तेवढाच डोंगर वर सरके. आजी ओल्या गोधडीसारखी जड होत गेली.

"दमलास?" तिनं कानाशी विचारलं.

"नाही," म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि तोंडातून पाणी आलं.