भरलेली पातेली, उपाशी पंगत

मित्रांनो, मी बोटाला चिमटा काढतो, पण दुखवत नाही. मानपाड्याजवळच्या एका छोट्या इस्पितळातल्या आयसीयूत राहणारा मी एक जुना ऑक्सिमीटर. नखातून लाल उजेड सोडायचा आणि रक्तात प्राणवायू किती भरलाय तो आकडा पडद्यावर दाखवायचा, एवढीच माझी सेवा. करोनाच्या दिवसांत माणसं मूर्तीकडे बघावं तशी माझ्याकडे बघत. आता वायरीला दोन ठिकाणी चिकटपट्टी आहे. पण तक्रार नाही हो! देवानं माझ्या वाट्याला माणसांचे हात दिले, आणखी काय हवं?

त्यातलाच एक हात काळुरामकाकांचा. गावच्या हरिनाम सप्ताहात अठ्ठावीस वर्षं पखवाज वाजवून घट्टे पडलेली बोटं! जंतुसंसर्ग रक्तात पसरला म्हणून त्यांना आणलेलं. तिसऱ्या सकाळी ताप उतरला, काका उठून बसले. नेमका त्याच दिवशी सप्ताहाचा शेवट, काल्याचं कीर्तन. त्यांच्या पत्नी शकूकाकू धुतलेला सदरा घेऊनच आल्या.

"सिस्टर, दोन तास सोरा यांना. काल्याला पखवाज कोन धरंल?"

"काकू, अजून धोका आहे," वैशाली सिस्टर म्हणाल्या.

"कसला धोका? अठ्ठ्याण्णव हाय बघा! आमचे पोरानी, दिपेशनी, जल्मात एवरे मार्क नाय आनले!"

काका हसले. खोटं कशाला बोलू, मलाही अंमळ गर्व वाटला.

सिस्टरांनी काकांच्या दुसऱ्या हाताचं बोट घट्ट दाबलं. ते पांढरं पडलं. सोडून त्या मोजू लागल्या. तीन सेकंदांत लाली परतायला हवी, सहा लागले. पाय गार, गुडघ्यांवर जांभळट जाळी.

"काकू, रक्तात प्राणवायू आहे, पण तो हातापायांपर्यंत पोचत नाही. महाप्रसादाची पातेली भरलीत, पण वाढपीच दमून बसलेत, तसं. पंगत उपाशी आहे. हा आकडा फक्त पातेली बघतो."

शकूकाकूंनी सदरा पिशवीत ठेवला. माझा गर्व तर पार उतरला.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. शरीर आतून उपाशी असल्याची खूण त्यात वाढलेली होती. सलाइन, रक्तदाब वाढवायचं औषध, आणि दर अर्ध्या तासाला सिस्टरांचा अंगठा त्या बोटावर. सहा, पाच, चार... संध्याकाळी तीन!

दोन दिवसांनी काकूंनी फोनवर काल्याच्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग लावलं. अचानक माझा आकडा एकाहत्तर! घंटा वाजली, सिस्टर धावल्या. बघतात तर काकांची बोटं गादीवर ठेका धरताहेत आणि मी बापडा त्यात हिंदकळतोय.

"काका, हात हलवू नका ना!"

"मी कुठं? तोच हलतंय!"

सिस्टरांनी बोट दाबून पाहिलं, हसल्या, आणि मला काढून उशाशी ठेवलं. "एक अभंग होईपर्यंत वाजवा." स्वतः शेजारीच उभ्या राहिल्या. पांडुरंगा, रिकामं पडून राहण्यात इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

मित्रांनो, घरी कोणी आजारी असलं तर माझा आकडा जरूर बघा. पण तेवढ्यावर थांबू नका. त्यांचा हात हातात घ्या. तो गार पडलाय का, हे मला कळत नाही, तुम्हाला कळतं.