चौथ्या मजल्यावरची उमेदवार

चौथ्या मजल्याच्या स्वयंपाकघरात विजेच्या चार शेगड्या होत्या, आणि त्यांतली एकच तापायची. बेचाळीस जणांत एक. तारिरोचा साद्झा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सारखा घोटावा लागतो. मागे रांगेत कुणी उसासे टाकत उभं असलं की त्यात हमखास गुठळ्या व्हायच्या.

झिंबाब्वेतल्या हरारेहून पोलंडमधल्या लुब्लिनला फार्मसी शिकायला येऊन तिला वर्ष झालं होतं. तेवढ्या काळात तिने होस्टेलच्या ऑफिसला शेगड्यांबद्दल सहा ईमेल पाठवले, इंग्रजीतून. एकाचंही उत्तर नाही. शेवटी ऑक्टोबरातल्या एका सोमवारी ती व्यवस्थापकांपुढे जाऊन उभी राहिली.

विटोल्डसाहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, फक्त कागदावर नसलेलं त्यांना दिसत नसे. "अर्ज रहिवासी समितीकडून यायला हवा," ते म्हणाले. "पोलिशमध्ये. शिक्क्यासकट."

"मग समितीचं काय म्हणणं आहे?"

"समितीने कधी मागितलंच नाही."

समिती म्हणजे कात्स्पर. उंच, हसतमुख, चौथ्या वर्षाचा पोलिश मुलगा. तो पहिल्या मजल्यावर राहायचा आणि तिथल्या चारही शेगड्या धडधाकट होत्या. सलग दोन वर्षं अध्यक्षपदाला तो एकटाच उभा राहिला होता आणि अर्थातच निवडून आला होता.

"मी उभी राहतेय," तारिरोने खोलीत पाऊल टाकताच जाहीर केलं.

"कुठे?" तिची समरकंदची रूममेट मुहय्यो पुलावासाठी गाजरं चिरत होती.

"समितीच्या निवडणुकीला."

"डोकं फिरलंय का ग? आपल्यातलं कुणी उभं राहिलंय कधी?"

"राहू नये असं कुठे लिहिलंय? सगळे नियम वाचलेत मी. सत्तावीस पानं, डिक्शनरी घेऊन."

फोनवर आईचा सूर वेगळाच होता. "अगं, शिकायला गेलीस की राज्य करायला?"

"दोन्ही जमतंय, आई. केमिस्ट्रीत दुसरी आलेय."

भाषणाची तालीम फाटकावरच्या केबिनमध्ये झाली. तिथे बसणाऱ्या बोगुमिलाबाईंनीच तिला लिंबाचा चहा पाजत वर्षभर पोलिश शिकवलं होतं. त्यांनी कागद वाचला आणि निम्मा खोडला. "असं फक्त पुस्तकात बोलतात. पोरं झोपतील. साधं बोल, माझ्यासारखं."

दोन दिवसांनी कात्स्परने नोटीस लावली: मतदान शुक्रवारी, चार वाजता. त्यात त्याचा काही डाव नव्हता. दरवर्षी तो शुक्रवारीच उरकून टाकायचा, पंधरा-वीस मतांत. शुक्रवारी दुपारी पोलिश मुलं पिशव्या उचलून आपापल्या गावी जायची. मागे राहायची ती परदेशी.

मुहय्यो नाचायचीच बाकी होती. "शुक्रवारी इथे असतं कोण? आपणच! बसल्या जागी जिंकलीस की!"

तारिरोने तो दिवस विचारात घालवला. मग ती पहिल्या मजल्यावर गेली आणि कात्स्परला म्हणाली, "तारीख बुधवारची कर."

तो बघतच राहिला. "शुक्रवारी तू जिंकशील, कळतंय ना तुला?"

"कळतंय. आणि सोमवारी परत आलेली पोरं म्हणतील, ही परदेश्यांची अध्यक्ष. मला अख्ख्या होस्टेलची व्हायचंय."

"मग हरशील."

"बघू की."

मुहय्यो दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. पण धुसफुसत का होईना, दारोदार मतं मागत तीच फिरली. तारिरोही वही घेऊन प्रत्येक मजल्यावर गेली आणि ज्याचं जे मोडलंय ते लिहून घेत राहिली.

बुधवारी हॉल भरला. तारिरो उठली आणि शेगडीसाठी बोगुमिलाबाईंच्या तोंडचा घरगुती शब्द वापरायला गेली. 'पिएत्स' म्हणजे शेगडी, 'पिएस' म्हणजे कुत्रा. नेमकी तिथेच जीभ घसरली. "चौथ्या मजल्याला," ती ठणकावून म्हणाली, "तीन नवे कुत्रे हवेत!"

मागून कुणीतरी भुंकलं. हॉलमध्ये हशा पिकला.

तिचे कान तापले. पण ती खाली बसली नाही. हशा ओसरेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "कुत्रेही चालले असते. पण नियम चौदा, प्राणी पाळायला मनाई. तेव्हा शेगड्याच द्या."

या वेळचा हशा तिच्या बाजूचा होता. मग तिने वही उघडली. दुसऱ्या मजल्यावरचा गार पाण्याचा शॉवर, पहिल्या मजल्यावर मुलींच्या न्हाणीघराची तुटलेली कडी, तिसऱ्या मजल्याचं कपडे खाणारं वॉशिंग मशीन, सगळं तारखांसकट वाचून दाखवलं. कडीचं नाव निघालं तेव्हा कात्स्परच्याच मजल्यावरच्या मुली टाळ्या वाजवू लागल्या.

तिला एकशे एकतीस मतं पडली, त्याला एकशे वीस. शिक्का कात्स्परने स्वतः तिच्या हातात आणून दिला. "नवाकोराच आहे. मी कधी वापरलाच नाही," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच थोडा ओशाळला.

दुसऱ्या दिवशी अर्ज गेला. विटोल्डसाहेबांनी तो दोनदा वाचला, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि सही केली. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नव्या शेगड्या बसल्या.

त्याच दुपारी दार वाजलं. तारिरो पुस्तकं पसरून परीक्षेचा अभ्यास करत होती. दारात तिसऱ्या मजल्यावरची एक पोलिश मुलगी अवघडून उभी होती. "अध्यक्ष तूच ना? आमच्या खोलीतला हीटर..." आणि ती भराभरा बोलत सुटली.

"आत ये, बस," तारिरोने तिच्यासाठी खुर्चीवरची पुस्तकं उचलली. "आणि जरा सावकाश सांग. तुमच्या भाषेतल्या दोन विभक्त्या अजून कच्च्या आहेत माझ्या."