एका सम्पावर दोन टाक्या

"ह्यात युनियन नको," जिनदत्त म्हणाले. "कायमचं चिकटवून टाका, नानासो."

"युनियन पाहिजेच," आतल्या खोलीतून ब्राह्मी म्हणाली. "उद्या टाकी काढायची वेळ आली तर पाइप कापत बसायचं का, अप्पा?"

नानासो हातात करवत धरून तसाच उकिडवा बसून राहिला. आटपाडीकडच्या बोअरपासून सांगलीतल्या फ्लॅटांपर्यंत पस्तीस वर्षं त्यानं पंप आणि पाइपांचीच कामं केली. आपला एक जोड कधी गळला नाही, हे तो चहाच्या कपागणिक सांगायचा. पण आटे फिरवले की सुटतो एवढ्याशा गुन्ह्यासाठी युनियन नावाच्या एका प्लॅस्टिकच्या जोडावरून बाप आणि लेक भांडतात, हे तो पहिल्यांदाच बघत होता.

भांडण जोडाचं नव्हतंच म्हणा. ब्राह्मी सहा वर्षांनी साताऱ्याचं सासर सोडून आली होती. येताना टेंपोत तिनं एक कपड्यांची बॅग आणली आणि समुद्री माशांची काचेची टाकी, पोवळ्यांसकट. मासे पिशव्यांतून नीट आले. टाकीखालची पाणी साफ करायची छोटी टाकी, जिला सम्प म्हणतात, ती मात्र वाटेतल्या खड्ड्यात तडकली. जिनदत्तांच्या हॉलमध्ये तसलीच एक टाकी होती, लेकीनंच लग्नाआधी लावून दिलेली. सहा वर्षं त्यांनी ती जिवापाड सांभाळली. मासे सगळे शेवाळ खाणारे, कारण माशांचं खाणं म्हणूनसुद्धा कोळंबीनं ह्या जैन घराचा उंबरा ओलांडणं शक्यच नव्हतं. ह्या टाकीचा सम्प चांगला ऐसपैस होता. तेव्हा त्याच सम्पावर दोन्ही टाक्या चालवायचं ठरलं.

ब्राह्मीनं बजावून ठेवलं होतं, "माझ्या टाकीपायी ह्या घरात काही बिघडलं तर मी ती विकणार आणि परत जाणार. कुणावर ओझं होऊन राहायचं नाही मला." पुण्याचं एक गिऱ्हाईक रविवारी यायचंही होतं, आणि आज शुक्रवार. म्हणून जिनदत्तांना सगळं कायमचं चिकटवून हवं होतं.

"आवं अण्णा," नानासो शेवटी म्हणाला, "युनियन बी टाकतो आन् दोन्हीकडं कॉक बी. एका टाकीत रोग शिरला तर दुसरी वाचाय नको व्हय? सुटणारा जोड हाय म्हणून कुणी सुटून जात न्हाई."

जिनदत्तांनी युनियन उचलून त्याच्या हातात ठेवली.

भिंतीला भोक पडलं, पाइप आरपार ब्राह्मीच्या खोलीतल्या टाकीपर्यंत गेला. टाकीच्या कोपऱ्यातल्या तोंडातून पाणी खाली सम्पात उतरायचं, तिथं साफ व्हायचं आणि पंपानं परत वर दोन्ही टाक्यांत जायचं. काळजी एकच. लाइट गेली की दोन्हीकडचं थोडं थोडं पाणी खाली येणार, ते सम्पात मावलं पाहिजे. नानासोनं काचेवर मार्करनं खूण केली. "ह्येच्या वर पाणी भरायचं न्हाई, काय वाट्टेल ते हू दे." दोनदा बटण बंद करून बघितलं. सम्पातलं पाणी काठाच्या चार बोटं खाली थांबलं. ब्राह्मी आल्यापासून पहिल्यांदा हसली.

त्या हसण्यानं नानासोला रूपाली आठवली. त्याची लेक. बारा वर्षांपूर्वी अशीच म्हसवडच्या सासरहून बॅग घेऊन दारात उभी राहिली होती. "चार दिस ऱ्हा आन् जा. लोक काय म्हणतील?" असं तो म्हणाला आणि चौथ्या दिवशी त्यानंच तिला एसटीत बसवून दिलं. पोरीनं संसार केला, नाही असं नाही. बापाशी मात्र ती कामापुरतीच बोलायची.

सगळे मागच्या पडवीत चहाला बसले. परत आत येऊन बघतात तर काय! ब्राह्मीच्या खोलीत पाणीच पाणी. तिच्या टाकीच्या काठावरून ते फरशीवर पडत होतं आणि पलंगाखालची बॅग भिजून चिंब झाली होती. नानासोनं धावत जाऊन पंप बंद केला.

"बघितलंत?" ब्राह्मी म्हणाली. "पहिल्याच दिवशी! त्या माणसाला उद्याच बोलावते मी." फोन घेऊन ती हॉलमध्ये गेली. जिनदत्त तिच्यामागोमाग गेले.

खोलीत राहिली ती चंदनबाला, ब्राह्मीची आई. नानासोनं टाकीच्या कोपऱ्यात हात घातला. पाणी उतरायच्या तोंडावर हाताला कापड लागलं. पांढरं, दुहेरी, दोऱ्यानं घट्ट बांधलेलं. घरातल्या नळाला बांधतात तसलंच गाळणं. त्यात गाळ साठून खालची वाट तुंबली होती आणि पंप आपला वर पाणी ओततच होता.

चंदनबालाचा चेहरा पांढराफटक पडला. "चहा ठेवायच्या आधी बांधलं," ती कुजबुजली. "त्या पाण्यात बारीक बारीक जीव हायत हो. पंपात जाऊन मरतील म्हणून... ह्या घरात बिनगाळलेलं पाणी कधी वापरलं न्हाई."

नानासोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्यात हॉलमधून ब्राह्मीचं "हॅलो" ऐकू आलं, आणि त्यानं ओठावरचा शब्द गिळला. मुकाट्यानं दोरा सोडून तो कापड झटकणार, तोच चंदनबालानं त्याचा हात धरला.

"झटकू नका. ज्या पाण्यातनं आले त्याच पाण्यात परत सोडायचे असत्यात. दुसरीकडं जगत न्हाईत ते."

नानासोनं कापड उलटं करून टाकीच्या पाण्यात सावकाश खळबळलं. मग पिळून खिशात घातलं आणि तो हॉलमध्ये आला.

"ताई, फोन ठिवा. माजी चूक हाय. पाइप कापल्याला भुसा आत ऱ्हायला हुता, त्येनं तोंड तुंबलं. तुमच्या टाकीला काय बी झालं न्हाई."

"पस्तीस वर्षांत एक जोड गळला नाही म्हणत होतात ना?" जिनदत्त फटकन बोलले.

"म्हणत हुतो," नानासो म्हणाला. ते त्याला फार लागलं.

ब्राह्मीनं त्याच्याकडं निरखून बघितलं. "खरंच तुमची चूक?"

"माजीच."

तिनं फोन बंद केला. "मग लावा परत," ती म्हणाली आणि फरशी पुसायला घेतली.

संध्याकाळी दोन्ही टाक्या व्यवस्थित चालू होत्या. नानासो निघाला तेव्हा चंदनबाला दारापर्यंत आली. तिनं हात जोडले. नानासोनं नुसती मान हलवली.

कोपऱ्यावर येऊन त्यानं रूपालीला फोन लावला.

"काय झालं, आबा? कुणाला बरं न्हाई का?"

"समदी बरी हायती. म्हटलं, चार दिस ये की घरला."

तिकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"चारच व्हय, आबा?"

नानासोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय सांगायचं ते त्याला पक्कं माहीत होतं, पण ते तोंडातून बाहेर पडेपर्यंत ती म्हणाली, "नळाला पाणी आलंय. ठेवते."

त्यानं फोन खिशात घातला. हाताला ओलं कापड लागलं. ते त्यानं बाहेर काढलं, नीट चौघडी घातली आणि परत ठेवून दिलं.