सान्तियागोला यापा कशी गेली

आम्हा आरेकिपावाल्यांना आमच्याच पेरू देशाची राजधानी लिमासुद्धा परदेशच वाटतं. त्यात बासिलिया चोकेनं थेट चिलीत दुकान काढलं, तेव्हा आमच्या बाजारात कुणाच्या घशाखाली चीज उतरेना. चीज मीच विकते, म्हणून सांगते. माझा गाळा तिच्या रसाच्या गाळ्यासमोर. उंच स्टुलावर बसून पपई, संत्री, अननस मिक्सरमध्ये ढकलणारी ही बाई गिऱ्हाइकांशी भांडत भांडतच मोठी झाली. आधी शेजारचा गाळा घेतला, मग कुस्को, ताक्ना, लिमा. नाव तिचं, पद्धत तिची, दुकानं चालवणारे दुसरे. फ्रँचायझी म्हणतात त्याला. मी दांडगाई म्हणते, आणि तिची ती दांडगाई मला मनापासून आवडते.

चिलीतलं ते सान्तियागोचं दुकान चालवायला घेतलं होतं ओस्वाल्दो बारियेन्तोस नावाच्या सद्‌गृहस्थानं. एक दिवस त्याचा फोन आला. लोक एकदा येतात, पितात, छान म्हणतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. शनिवारपर्यंत वाट बघणार, नाहीतर कुलूप. जम बसला तर मात्र अख्ख्या चिलीचा करार करायला तो तयार होता.

बासिलियाचं तोंड एवढंसं झालं. लिमातले सुटाबुटातले लोक आधीच म्हणाले होते, बाजारातली बाई सरहद्दीपलीकडे काय टिकणार? आता कुलूप लागलं असतं तर त्यांचंच खरं झालं असतं.

"फोर्तुनाता, बॅग भर," ती मला म्हणाली. "विमानात मी एकटी बसायची नाही."

"आणि माझं चीज कोण विकणार? तुझा तो ओस्वाल्दो?"

पण गेले.

दुकान आरशासारखं लखलखीत. फळं उत्तम. रस मी मुद्दाम नाक मुरडून प्यायले, पण खोट काढता येईना, याचाच मला राग आला. बासिलिया मात्र ग्लासाकडे बघत होती. केवढा तो ग्लास! भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'यापा सगळ्यांना, फुकट.' यापा म्हणजे विकतच्यावर मिळणारं थोडं जास्तीचं.

"हे काय आहे, सेन्योर?" तिनं विचारलं.

"तुमची यापा," बारियेन्तोस अभिमानानं म्हणाला. "करारात तुम्हीच लिहिलंय, यापा द्यायचीच. म्हणून मी मोठाच ग्लास केला. आधीच ओतून देतो. एक थेंब कमी करत नाही."

खरंच करत नव्हता. बिचाऱ्याचा हात सढळ होता. चूक आमचीच. आमच्याकडे ग्लास संपला की गिऱ्हाईक तो पुढे करून म्हणतं, 'कासेरा, यापा?' रसवाली कुरकुरते, त्याला चार शब्द सुनावते आणि मिक्सरच्या भांड्यात उरलेला रस वर ओतते. तेव्हापासून तो तिचा कासेरो, म्हणजे कायमचा गिऱ्हाईक, ती त्याची कासेरा, हक्काची दुकानवाली, आणि तो दुसऱ्या गाळ्यावर गेला तर तोंड लपवत जातो. 'द्यायची' एवढं बासिलियानं लिहिलं होतं. 'मागितल्यावर' हे लिहायचं असतं, असं कुठल्या आरेकिपावाल्याच्या डोक्यात येईल?

बासिलियानं खुर्ची घेतली, वर चढली आणि ती पाटी उतरवली. मग जुने लहान ग्लास मागवले. मिक्सर मागच्या खोलीत होते, ते उचलून गिऱ्हाइकांच्या नाकासमोर मांडले. भांड्यात रस उरलेला दिसला पाहिजे, म्हणाली.

गल्ल्यावर मिलाराय नावाची गोड मुलगी होती. तिला बासिलिया म्हणाली, "पोरी, यापा मागितली की आधी नाही म्हणायचं."

"गिऱ्हाइकाला? नाही?" मिलाराय बारियेन्तोसकडे बघायला लागली.

"त्याच्याकडे काय बघतेस? माझ्याकडे बघ. मी गिऱ्हाईक. कासेरा, यापा?"

"माफ करा सेन्योरा, सध्या ती—"

"माफी कसली मागतेस! रागव!"

"आत्ताच तर भरून दिला होता..." मुलगी पुटपुटली.

"अजून!"

"पोट आहे की पिंप?" मिलाराय एकदम ओरडली आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"शाब्बास! आता ओत. हसत नाही, कुरकुरतच ओत."

बारियेन्तोसनं कपाळाला हात लावला. "सेन्योरा, अपमान करून धंदा होतो का?"

"अपमान परक्याचा होतो," बासिलिया म्हणाली. "घरच्याला बोलतात."

गुरुवारी एक म्हातारबुवा आले. ग्लास संपवून भांड्याकडे बघत बसले. मी शेजारीच होते. म्हटलं, "आजोबा, मागा की." त्यांनी ग्लास इंचभर पुढे सरकवला. मिलारायनं त्यांना असं काही फैलावर घेतलं की माझाच ऊर भरून आला. मग तिनं भांडं ग्लासात उपडं केलं. दुसऱ्या दिवशी ते बायकोला घेऊन आले. "ही माझी कासेरा," त्यांनी सांगितलं, "फार तोंडाळ आहे." बासिलिया मागं वळून डोळे पुसत होती. मला म्हणाली, अननसाचा शिंतोडा उडाला.

शनिवारी उभं राहायला जागा नव्हती. बारियेन्तोसनं करार पुढे ठेवला. बासिलियानं त्यात स्वतःच्या हातानं एक ओळ घातली, 'यापा मागितल्यावरच, आणि आधी कुरकुर करून.' दोघांनी सह्या केल्या. आमचं विमान संध्याकाळचं होतं. बॅगा दाराशी होत्या. आरेकिपाच्या बाहेर तिला झोप लागत नाही, हे त्यालाही ठाऊक झालं होतं.

तरी तो उठेना. मान खाली घालून त्यानं आपला रिकामा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

"वाल्पाराइसोतल्या पुढच्या दुकानातल्या मुलींना अजून रागावता येत नाही," तो म्हणाला. "कासेरा, यापा?"

"लाज नाही वाटत?" बासिलिया कडाडली. "अख्खा देश दिला, आता काय माझी हाडं देऊ? पोट आहे की पिंप?"

आणि कुरकुरत, शिव्या घालत, तिनं बॅग उचलून परत आत ठेवली. मी घरी फोन लावला आणि चीज टिकावं म्हणून मिठाच्या पाण्यात घालून ठेवायला सांगितलं.