"अजून जागा आहे की!"

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. गिरणीच्या जाड कापडाची, रुंद पट्ट्याची, खांद्याला अडकवायची. इंदूरच्या छत्रीबागेत एका घरात खुंटीवर लटकलेली असते. शेजारच्या खुंटीवर एक काळं कांबळं आहे. माझी गोष्ट खरं तर त्या कांबळ्याची आहे, आणि ती सांगताना मला आजही लाज वाटते.

मध्यभारत राज्य होऊन दोन वर्षं झाली होती. घर कृष्णरावांचं, ते सरकारी कचेरीत कारकून. त्यांची थोरली बहीण अंबिकाताई. लहान वयात विधवा होऊन माहेरी आल्या, त्या इथंच राहिल्या. चाळीस वर्षं त्यांनी या घरचं रांधलं, पोरं सांभाळली, आणि कुणी काहीही सांगितलं की 'बरं' म्हटलं. पंचावन्नाव्या वर्षी मात्र त्यांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं.

"कृष्णा, मला बद्रीनाथाला जायचंय."

यात्रेकरूंना घेऊन जाणारे हरीभाऊ आधीच बजावून गेले, "ताईजी, मोटार संपली की पुढे सगळा पहाड पायी. आपल्या खांद्याला झेपेल तेवढंच सामान घ्या. बाकी सब घरीच."

मग काय, अंबिकाताईंनी सामानाची परीक्षाच घेतली. ट्रंक भरली, ती अंगणातसुद्धा जाईना. बिस्तरबंद घेऊन नदीच्या पुलापर्यंत गेल्या आणि धापा टाकत परतल्या. शेवटी स्नेहलतागंजातल्या शिंप्याकडून मला शिवून घेतलं. दोन लुगडी, तांब्या, सुंठीची पुडी आणि ते कांबळं माझ्यात भरून त्या थेट लालबागेच्या फाटकापर्यंत जाऊन आल्या. घाम पुसत म्हणाल्या, "हीच न्यायची. हिचं ओझंच वाटत नाही."

काय फुशारले होते मी!

निघायच्या आदल्या दिवशी सकाळपासून शेजार लोटला. शशिकलाबाई सासूच्या अस्थी घेऊन आल्या. "ताई, हरिद्वारला जाताच आहात न, तर एवढं गंगेत सोडून द्या." गजाननराव देवाच्या दिव्यासाठी तुपाचा डबा घेऊन आले. कुणी ओटी दिली, कुणी देवाला वाहायची चण्याची डाळ. येताना प्रत्येकासाठी गंगेचा गडू आणायचा, तो वेगळाच. जो येई तो मला चाचपून म्हणे, "अरे वा, अजून जागा आहे की!" आणि मी मूर्ख, पोट फुगवून जागा करून देई. माझा एखादा टाका उसवला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी माझं तोंड बांधता येईना. लोकांचं कसं काढणार? अंबिकाताईंनी कांबळं काढलं.

"वन्सं, कांबळं राहिलं न!" भावजय इंदुमती म्हणाली.

"उन्हाळा तर आहे ग. लोकांनी भरवशाने दिलंय, नाही कसं म्हणू?"

कृष्णरावांची बारा वर्षांची मुलगी उषा दारात उभी राहून हे सगळं बघत होती.

हरिद्वारला अस्थी सुटल्या. बद्रीनाथाला तूप, डाळ, ओटी पोचली. एकेकाचं नाव घेऊन अंबिकाताईंनी नमस्कार केला. स्वतःसाठी काय मागितलं, ते काही मला ऐकू आलं नाही. उतरताना वाटेत पावसाने आणि गारांनी गाठलं. दोन्ही लुगडी चिंब भिजली. अंबिकाताई रिकाम्या झालेल्या माझ्यात पाय खुपसून कुडकुडत बसल्या. मी एवढी मोठी, पण माझ्यात त्यांच्या अंगावर घालायला कोरडं, उबदार काही नव्हतं.

हरिद्वारला परत आलो तेव्हा त्यांना ताप होता. हरीभाऊ नको नको म्हणत असताना त्या घाटावर गेल्या, सात गडू भरले, झाकणांना कथलाचा डाग लावून ते पक्के बंद करून घेतले. तिसऱ्या दिवशी धर्मशाळेत त्या गेल्या.

हरीभाऊ मला एकटीलाच छत्रीबागेत घेऊन आले. लोक जमले, रडले. खोटं कशाला सांगू, मनापासून रडले. आणि रडून झाल्यावर आपापला गडू घेऊन गेले. "माझा जरा चेपलाय," गजाननराव म्हणाले. इंदुमतीने मला कांबळ्याच्या शेजारी टांगलं.

सहा वर्षं कुणी मला हात लावला नाही. मग मध्यभारत संपायच्या वर्षी उषा मास्तरणीच्या ट्रेनिंगला जबलपूरला निघाली. तिने मला खाली काढलं, झटकलं, आणि सगळ्यात आधी ते काळं कांबळं आत घातलं. तेवढ्यात शशिकलाबाई लोणच्याची बरणी घेऊन आल्या.

"उषे, जबलपूरला माझी नणंद असते. एवढं देऊन दे न." त्यांनी सवयीने मला चाचपलं. "अजून जागा आहे की!"

उषाने माझं तोंड आवळून बांधलं. "नाही काकू. जागा नाही."

शशिकलाबाईंच्या हाताला वरून कांबळं लागलं. त्यांनी हात मागे घेतला, आणि बरणी पदराखाली धरून घरी गेल्या.

जागा होती, मित्रांनो. चांगली वीतभर होती. पण तो 'नाही' सहा वर्षांपूर्वी या घरात कुणीतरी उच्चारायला हवा होता; अंबिकाताईंना जमला नाही, तर निदान त्यांच्या वतीने दुसऱ्या कुणी. म्हणून हात जोडून सांगते, कुणी लांबच्या प्रवासाला निघालं, तर त्याच्या पिशवीत आपली वस्तू ठेवण्याआधी त्याचं पांघरूण आत आहे ना, तेवढं बघा.