मोठी चौकट

बाईंच्या वर्गातली सगळ्यात बडबडी पोर आठ दिवस हाताची घडी घालून बसली होती. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या वर्गात हाताची घडी म्हणजे मूग गिळणंच. शाळा बंद पडून वर्ग पडद्यावर आला आणि हिचे हात थांबले ते थांबलेच. "शुक्रवारी मी स्वतः बघते. नाही बोलली तर खालच्या वर्गात," मुख्याध्यापिकांनी सांगून टाकलं होतं.

बाईंना रागापेक्षा कुतूहलच जास्त. त्यांनी तिला उजेडात बसवलं, कॅमेरा मागे घ्यायला लावला, तिच्या आईला खोदून खोदून विचारलं. काही उमगेना. त्यात पडद्यावर हिचीच चौकट सारखी मोठी व्हायची आणि खुणा करणारी बाकीची मुलं कोपऱ्यात चिमुकली. यंत्राला कुठली आलीय अक्कल, म्हणून बाईंनी ते सोडून दिलं.

गुरुवारी सासूबाई चष्मा शोधत आल्या आणि त्यांच्या हातून आवाजाचं बटण दाबलं गेलं.

"अगं बाई! ही शाळा आहे का शिवणाचा कारखाना?"

बाई चपापल्या. या वर्गात आवाज हवाय कुणाला, म्हणून त्यांनी तो पहिल्याच दिवशी बंद करून टाकला होता. पोरीच्या मागे तिच्या आईचं शिलाई मशीन धडधडत होतं. ज्याच्या घरी आवाज, त्याची चौकट मोठी! काखेत कळसा नि गावाला वळसा.

त्यांनी खुणेनं विचारलं, "तुला मोठं कोण करतं?"

पोरीने थेट त्यांच्याकडे बोट रोखलं. "तुम्ही! माझ्यावरच नजर ठेवता. सगळे चिडवतात. मी काय केलंय?"

"मी नाही गं. पण चुकलं माझंच," बाई म्हणाल्या. मग त्यांनी एकेकाला टेबल बडवायला लावलं. जो बडवेल तो मोठा! मुलं खिदळायला लागली.

पोर डोळे विस्फारून बघत राहिली. "आवाज असा दिसतो?"

शुक्रवारी मुख्याध्यापिका पडद्यावरच्या वर्गात आल्या. प्रत्येक मूल आधी टेबल बडवायचं, मग बोलायचं. या पोरीची पाळी आली. तिने टेबलाला हातही लावला नाही. ती मागे वळली.

"आई, मशीन चालव. मला खूप बोलायचंय."

आईने कापड न लावताच मशीन सुरू केलं, आणि पोर पडदाभर झाली.